आत्याची हाक

प्रिय ईशा आणि नील,

गेल्या रविवारी फोनवर ईशाने विचारलं, आजी, तुझ्या गावचे काही जुने आवाज तुझ्याकडे आहेत का, मला गाण्यात घालायचे आहेत. मग तिने टॅबलेट कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं. नीलची एक शिंक तिने पकडून ठेवली होती आणि ती कधी किरट्या, कधी जाड्या आवाजात वाजवत होती. नील रुसला होता, तुमची आई हसत होती. मी बघते म्हणाले आणि तुमची पोहायला जायची वेळ झाली. खरं तर माझ्याकडे बघण्यासारखं काही नव्हतं, सांगण्यासारखं होतं, आणि ते फोनवर मावलं नसतं. म्हणून लिहिते आहे. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, तेव्हा तुम्हाला वाचता येईल अशा भाषेत लिहिणं मला अवघड नव्हतं. पण यातली माणसं इंग्रजी बोलू लागली तर मलाच ओळखू येणार नाहीत. आई वाचून दाखवेल. मी अक्षर मोठं आणि सुटं काढते आहे.

मुरूडच्या कोळीवाड्यातलं आमचं घर समुद्राकडे पाठ करून उभं आहे. पुढचं दार गल्लीत उघडतं, मागच्या ओट्यावरून पाणी दिसतं. माझी आई मी लहान असतानाच गेली. वडील मालवाहू जहाजावर होते, ते वर्षातून एकदा पाहुण्यासारखे येत आणि परत जाताना आम्हाला डोळे भरून बघत. घर चालवायची वडिलांची थोरली बहीण, आमची आत्या. तिचा नवरा तरुणपणीच समुद्रात गेला होता. माझा थोरला भाऊ हरेश, माझा दादा, म्हणजे तुमचे मामाआजोबा, तिच्याजवळ वाढला. मला मात्र वडिलांनी दूरच्या बोर्डिंगच्या शाळेत घातलं, मुलीने शिकावं म्हणून. बारावी करून मी परत आले तेव्हा मला काटे-चमच्याने जेवता येत होतं आणि बोंबील साफ करता येत नव्हते.

त्यानंतरची, लग्न होईपर्यंतची वर्षं मी या घरात काढली. बी.ए.ची परीक्षा बाहेरून देत होते. गल्लीतल्या माझ्या वयाच्या मुली टोपल्या घेऊन बाजारात बसायच्या. संध्याकाळी विहिरीपाशी मी गेले की त्यांचं बोलणं थांबे आणि कोणीतरी हळूच म्हणे, "मडम आली, वाट द्या गो." त्या वाईट नव्हत्या. माझ्याशी काय बोलायचं हे त्यांना कळत नसे, आणि मलाही कळत नसे. सकाळी होड्यांची मोटर सुरू व्हायची, मग किनाऱ्यावर लिलावाचा गलका, वाळत घातलेल्या बोंबलांवर कावळे, मोहल्ल्यातली अजान, स्टँडवर गिअर बदलणारी एस.टी. मला सगळे आवाज पाठ होते. त्यातला एकही मला उद्देशून नव्हता. दुपारी तांदळाची भाकरी आणि मांदेलीचं कालवण आत्या माझ्यापुढे ठेवी आणि समोर बसून मी किती खाते ते बघत राही. "पुस्तकात काय खायाला गावतं का गो?" असं ती विचारी. तेवढंच काय ते आमचं बोलणं.

आत्या धवलारीण होती. हा शब्द तुमच्या आईलाही नीट ठाऊक नसेल. आमच्याकडच्या लग्नात भटजी येतो, पण त्याच्या आधी धवलारीण येते. हळदीपासून मांडव उतरेपर्यंतचा प्रत्येक विधी तिच्या गाण्याने पुढे सरकतो. त्या गाण्यांना धवले म्हणतात. पहिल्यांदा ती देवांना बोलावते: गावदेवीला, समुद्राला, घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाला हाक मारून. आले की त्यांना बसायला सांगते, त्यांना मान देते. मग लग्न लागतं. आणि सगळं संपून नवरी गावाच्या वेशीपलीकडे गेली की मागे राहिलेल्या मांडवात एकटी बसून ती देवांना निरोप देते, ज्याला त्याला आपापल्या ठिकाणी परत पाठवते. आत्याने हे सासूकडून घेतलं होतं. तिची ती पहिली हाक, "ये गो माये मांडवाखाली", मोठी लांबलचक असायची. 'माये'वर ती श्वास धरून अशी काही थांबे की पंगतीत वाढणाऱ्या बायांचे हातही थांबत.

आता त्या यंत्राकडे येते. दादाची बेंजो पार्टी होती. बेंजो, कीबोर्ड, ताशा आणि दोन कर्णे, हळदीच्या कार्यक्रमांना जायची. वडिलांनी एका सुट्टीत जपानच्या बंदरातून त्याच्यासाठी एक वापरलेला सॅम्पलर आणला, चादरीत गुंडाळून, तान्ह्या मुलासारखा मांडीवर घेऊन. दिसायला तो कीबोर्डच होता, पण त्याच्या पोटात स्वतःचा असा आवाज नव्हता. माइक लावून तुम्ही त्याला जो ऐकवाल तो तो धरून ठेवी आणि मग प्रत्येक पट्टीवर त्याच आवाजाचा वेगळा सूर देई. ईशाच्या टॅबलेटमध्ये जे चिमूटभर जागेत मावतं त्यासाठी तेव्हा दोन माणसांनी उचलावं असं धूड लागे. शिवाय त्याला जागा फार थोडी होती. काही सेकंद धरले की पोट भरलं. नवीन काही घालायचं तर जुनं फ्लॉपीवर उतरवून ठेवायचं. खाऱ्या हवेने फ्लॉपीला बुरशी येई, म्हणून त्या तांदळाच्या डब्यात, तांदळातच पुरून ठेवायच्या, ही आत्याची युक्ती.

यंत्राचं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं, आणि त्या घरात माझं इंग्रजी पहिल्यांदाच कुणाच्या कामाला आलं. मी वाचायची, दादा बटणं दाबायचा. आम्ही जमिनीवर मांडी घालून तासन्‌तास बसायचो. बोर्डिंगमुळे आम्ही भावंडं अशी वाढलोच नव्हतो, ते राहिलेलं बसणं तेव्हा झालं. त्याने होडीची मोटर धरली, पाट्यावरचा वरवंटा धरला, एस.टी.चा हॉर्न धरला. कावळा धरला आणि खालच्या पट्टीवर वाजवला तर म्हैस निघाली. आत्या पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "याला पैल्या जन्मात गोठ्यात बांधला असंल." त्या दोघांचं हसणं मला अजून आठवतं, कारण नंतर बराच काळ ते ऐकू आलं नाही.

दुपारी दादा तालमीला जाई, आत्या सुकट विकायला बाजारात. मी एकटीच असे. तेव्हा यंत्र चालू करून मी वरवंट्याची पट्टी दाबत असे. स्वयंपाकघरात कुणी नाही हे मला दिसत असे, तरी पाटा वाजे. थोडा वेळ बरं वाटे. मग मी ते बंद करून पुस्तक उघडी. आज या घरात पुन्हा एकटी राहते, तुमचे आजोबा जाऊन बरेच दिवस झाले, पण आता टीव्ही आहे, त्यामुळे तेवढी शांतता होत नाही.

दादाच्या मनात आलं की आत्याची हाक यंत्रात घ्यावी. कुठल्याच पार्टीकडे तसं काही नव्हतं. तो मागे लागला तेव्हा आत्याने भाकरी थापता थापता एवढंच विचारलं, "लगीन कोनाचं हाय?" लग्नाशिवाय धवला गायचा नाही, हा तिचा नेम. मांडव नसताना देवांना हाक मारली तर ते येऊन तिष्ठत राहतात. दादाने आठवडाभर विचार केला आणि तुळशीच्या लग्नाच्या दिवशी अंगणात उसाचा मांडव घातला, उंबराची डहाळी आणली, आणि आत्यासमोर येऊन म्हणाला की आज तुळशीचं लग्न आहे, हे तरी लग्नच ना? आत्याने त्याच्याकडे बघितलं. तिला ते पटलं, किंवा त्याचा उत्साह मोडवला नाही. ती नवी नऊवारी नेसून आली आणि तुळशीसाठी सगळे धवले गायली, हाकेपासून निरोपापर्यंत, माइकसमोर, सावकाश. यंत्राने पहिली ओळ धरली आणि त्याचं पोट भरलं. दादाला तेवढीच हवी होती. आत्याला वाटलं, सगळं घेतलं.

खरं काय ते तिला कळलं आमच्याच गल्लीतल्या एका हळदीला. दादाची पार्टी मांडवाच्या तोंडाशी उभी होती. ताशा थांबला, दादाने पट्टी दाबली आणि कर्ण्यांतून आत्याचा आवाज गल्लीभर झाला, "ये गो माये मांडवाखाली". पोरांनी शिट्ट्या मारल्या. लगेच पुन्हा तीच हाक, मग वरच्या पट्टीवर, लहान मुलीच्या आवाजात, मग ताशाच्या ठेक्यावर तुकडे तुकडे करून, ये गो, ये गो, ये गो. सगळे नाचायला लागले. आत्या बायकांमध्ये बसली होती. शेजारणीने तिला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "तुजा गला तर लाऊडस्पीकरवर चडला गो." आत्या हसली. मी तिच्या शेजारीच होते. ती पुढचं ऐकायला थांबली आहे हे मला कळत होतं. पुढचं काही आलं नाही. गाणं बदललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या ओट्यावर गेले तर आत्या पाण्याकडे तोंड करून बसली होती. पायाशी उंबराची एक डहाळी मातीत खोचलेली होती आणि ती अगदी हळू आवाजात निरोप म्हणत होती. संपला की पुन्हा पहिल्यापासून. चहा थंड झाला होता. मी विचारलं, लग्न तर त्यांच्याकडे आहे, तू इथे का गातेस? ती म्हणाली, "त्यानं बोलावलं किती वेला, आयकलंस ना तू? सगले आले असतील. बसा म्हनाया कोन नाय, जा म्हनाया कोन नाय. आवाज माजा हाय, बाय. दुसऱ्याचं कोन आयकंल?"

मी शाळेत विज्ञान शिकले होते. तो आवाज म्हणजे चुंबकी तबकडीवरच्या खुणा, हे मी पुस्तकातून दादाला समजावून सांगितलं होतं. आत्याला ते सांगावंसं मला वाटलं नाही. मी तिच्या शेजारी बसून राहिले.

दादाशी तिचं बोलणं झालं ते मात्र माझ्यासमोर, जेवताना. तिने पट्टी काढून टाक म्हटलं. तो आधी हसला. म्हणाला, "देवांना काय आपन एस.टी.चं रिटर्न तिकीट देतो का आत्या? आले तसे जातील." आत्याने त्याच्या ताटात कालवण वाढलं आणि म्हणाली, "तू पाव्हन्याला वाटेवरनं हाक मारतंस नि दार लावून घेतंस. तुला असं वाडवला न्हाय मी." दादाचा घास हातात राहिला. त्याने सांगितलं की तीच हाक ऐकून लोक बोलावतात, बोर्लीहून बोलावणं आलं, तळा गावाहून आलं, ती काढली तर पार्टीत दुसऱ्यांहून वेगळं काय उरणार? ते खोटं नव्हतं. आत्या उठून गेली. त्यानंतर ती दोघं एकमेकांशी बोलेनाशी झाली. भांडण नव्हतं, नुसतं बोलणं बंद. ती त्याचं ताट झाकून ठेवी, तो जेवून ताट धुऊन ठेवी. मी त्या दोघांच्या मधे राहत होते आणि दोघांपैकी कुणाचीच नव्हते.

कार्यक्रम कुठे होता, हे आत्या मला विचारी. मी दादाला विचारून सांगे. मग दुसऱ्या सकाळी ती ओट्यावर बसे. बोर्लीचे देव बोर्लीला, तळ्याचे तळ्याला. हाक किती वेळा वाजली ते कुणालाच सांगता येत नसे, म्हणून ती घसा दुखायला लागेपर्यंत म्हणत राही. पुरेसं झालं की नाही हे तिला कधीच कळायचं नाही, आणि तेच तिला खात होतं. त्या हंगामात तिला स्वतःला लग्नाची बोलावणी कमी आली. लोकांना वाटे, पार्टीबरोबर आत्याचा आवाज येतोच आहे, म्हातारीला रात्रभर कशाला बसवा. तिचा आवाज गावोगाव गेला आणि ती घरी बसली. पावसाळ्यापर्यंत तिचा घसा बसला तो नीट उघडेना. ती खुणेने बोलू लागली. घरातलं शेवटचं बोलणंही गेलं.

मला एवढंच सुचलं की निरोपही यंत्रात घालावा. सगळ्यात खालच्या पट्टीवर ठेवायचा आणि कार्यक्रम संपला की दादाने ती दाबायची. दादाला मी पुस्तक उघडून दाखवलं. त्यासाठी मोटरचा आवाज काढावा लागणार होता, आणि नाचणाऱ्यांना मोटर फार आवडे. तो बराच वेळ बटणांवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, ती गायला तयार झाली तर काढतो. आत्या तयार झाली नाही. तुळशीच्या लग्नाने एकदा फसगत झाली होती. खरखरत्या आवाजात तिने सांगितलं, "निरोप खऱ्या लगनाचा पायजे. मानसाच्या."

माझं लग्न त्या हिवाळ्यात ठरलं. तुमचे आजोबा दादरचे, इंजिनिअर, वडिलांच्या जहाजावरच्या मित्राचे भाचे. त्यांच्या घरी सगळं आटोपशीर होतं. दादरला हॉल, तासाभराचा विधी, पंगत, संपलं. धवल्याचं त्यांच्या आईने ऐकलं होतं, आणि एवढं सगळं कशाला, असं त्या प्रेमानेच म्हणाल्या. मी तोवर आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. बोलणीच्या दिवशी चहाचे कप घेऊन बाहेर आले तेव्हा सर्वांसमोर सांगितलं, लग्न आमच्या दारात होईल आणि माझी आत्या ते गाईल, पहिल्यापासून शेवटपर्यंत. वडील जमिनीकडे बघत होते. तुमचे आजोबा माझ्याशी तेव्हाच पहिल्यांदा बोलले. त्यांनी विचारलं, "रात्रभर जागायचं म्हणजे चहा मिळेल ना?"

आत्याने महिनाभर कुणाशी चकार शब्द काढला नाही. सुंठ आणि गूळ चघळत घसा राखला. हळदीच्या दिवशी तिने हाक मारली तेव्हा आवाज फाटका होता, 'माये'वर पूर्वीसारखं थांबता आलं नाही, पण पुढे ती सावरली. दादाने पार्टी आणली नव्हती. सॅम्पलर मात्र माजघरात तयार ठेवला होता. विहिरीपाशी मला वाट देणाऱ्या मुलींनी त्या दिवशी मला हळद लावली. एकीने गालावर जरा जास्तच चोळली आणि म्हणाली, मडम पिवळी झाली. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर हसले, आणि दुसऱ्या दिवशी निघून गेले.

आपल्या लग्नाचा निरोप नवरीच्या कानी पडत नाही, हे मी आधी सांगितलंच. ती वेशीपलीकडे गेल्यावरच तो सुरू होतो. माझी गाडी काशीदच्या वळणावर असेल तेव्हा रिकाम्या मांडवात आत्या बसली आणि दादाने तिच्यासमोर माइक धरला. त्याने मला नंतर सांगितलं की इतक्या महिन्यांत ती त्याच्याशी तेव्हाच बोलली. म्हणाली, "धर नीट."

माहेरपणाला आले तेव्हा घरात दोघंही नव्हती. मी यंत्र चालू केलं आणि सगळ्यात खालची पांढरी पट्टी दाबली. "जा गो माये आपल्या ठायी." मागे खुर्च्या ओढल्याचा आवाज होता, कुत्रं भुंकत होतं, आणि ओळ संपल्यावर तिने घेतलेला श्वास होता. माझ्या लग्नाचा निरोप मी असा, नवऱ्याच्या घरून पाहुणी म्हणून येऊन ऐकला. पुन्हा दाबली नाही. तो पुन्हा पुन्हा ऐकायचा आवाज नव्हता.

दादाने शब्द पाळला. कार्यक्रम संपून लोक पांगले, मंडपवाले कनाती सोडायला लागले की तो ती पट्टी दाबायचा, कुणी ऐकत नसताना. पार्टीतले त्याची थट्टा करत. आत्याने ओट्यावर बसणं सोडलं, आणि त्या दोघांत पूर्वीसारखं नाही तरी बोलणं सुरू झालं. मी दादरला होते. मला हे सगळं पत्रांतून आणि सुट्टीतून कळे.

पुढचं थोडक्यात सांगते. पार्टीची कॅसेट निघाली. ती काढणाऱ्यांनी शेवटचा निरोप कापला, गाणं संपल्यावर हे काय रडगाणं म्हणून. कॅसेटवरून ती हाक दुसऱ्या पार्ट्यांनी उचलली, त्यांच्याकडून डीजेंनी. आत्या गेली. तिच्या मागे धवले कुणी घेतले नाहीत. दादा पनवेलला ट्रकच्या धंद्यात गेला, आता गुडघ्यांमुळे घरीच बसून आहे. सॅम्पलर पुराच्या वर्षी भिजला. फ्लॉप्या तांदळात होत्या तरी शेवटी बुरशीने खाल्ल्याच, आणि न खाल्ल्या असत्या तरी त्या लावायला काही मिळालं नसतं.

ईशा, हाक तुला हवी असेल तर कुणालाही विचार. लग्नाच्या दिवसांत इथून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही डीजेकडे ती मिळेल. कुणाचा आवाज आहे हे त्यांना माहीत नाही. गेल्या आठवड्यात आमच्याच गल्लीत वाजली, भिंती हादरत होत्या. निरोप कुठल्याच यंत्रात नाही. तो मला येतो. आत्याचा गळा मला नाही, पण शब्द आणि चाल पूर्ण आहे, आणि हाक वाजली की दुसऱ्या सकाळी मी मागच्या ओट्यावर बसून तो म्हणते.